भिंतीशी वैर

आमच्या घरमालकीणबाई लग्नाला जाताना पर्समध्ये ओळंबा घेऊन जात. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो तो पितळी लंबक. इतर बायका पर्समधून रुमाल काढतात, आरसा काढतात. बाई मंगल कार्यालयाच्या खांबाला ओळंबा लावत आणि पंगत बसायच्या आधी मुलीच्या बापाला सांगून येत, की तुमचा खांब दोन बोटं बाहेर आहे, पाहुण्यांना त्या बाजूला बसवू नका. एवढं करूनही त्यांना पुढच्या लग्नांची आमंत्रणं येत. कशी, ते मला आजही कळलेलं नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत नऊ वर्षं भाड्याने राहिलो. नोकरी मिहानमध्ये आणि खोली काटोल रोडच्या पलीकडे, म्हणजे नागपूरच्या दोन टोकांना. एवढ्या लांब का राहतोस, असं लोक विचारत. पण बाईंसारखी करमणूक विमानतळाजवळ मिळत नव्हती.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. त्याआधीच्या तीन घरमालकांनी आडनावापासून सुरुवात करून माझ्या आईच्या स्वयंपाकघरापर्यंत चौकशी केली होती. बाईंनी मला थेट गच्चीवर नेलं, हातात भरलेली बादली दिली आणि ओतायला सांगितली. मी ओतली. पाणी वळत वळत एका कोपऱ्यात गेलं.

"काहून गेलं तिकडं?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, मला माहीत नाही. माझ्या आधी आलेल्या दोघांनी म्हणे बरंच शास्त्र सांगितलं होतं. खोली मला मिळाली. ज्याला कळत नाही तो निदान हात तरी लावत नाही, असं बाईंचं गणित होतं. ते माझ्या बाबतीत कसं चुकलं ते पुढे सांगतोच.

बाई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअर पेन्सिलने नकाशा काढतो, ट्रेसर तो पारदर्शक कागदावर शाईने उतरवतो. तीस वर्षं त्यांनी मातीची धरणं उतरवली. मातीच्या धरणाला उभी भिंत नसते, दोन्ही अंगांनी लांबलचक उतार असतो. तो उतार बाईंच्या बोटांत बसला होता. एकदा एका नकाशात उतार चुकलाय असं त्यांनी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त रेघ ओढा." हे वाक्य बाईंनी मला चाळीस वेळा तरी ऐकवलं असेल, आणि प्रत्येक वेळी ते त्याच सकाळी ऐकल्यासारखं. त्यांचे वडील पारशिवनीकडचे. छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला पायी आले आणि परतताना ठरवूनच गेले, की आपल्या घरातली पोरगी शिकेल. "शिकली ना मी," बाई म्हणत. "काय शिकली, तं रेघ ओढाले."

तर अशा बाईला निवृत्तीनंतर देवाने काय द्यावं? एक भिंत. मी मुद्दाम देवाचं नाव घेतो. बाईंसमोर घेतलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की हे देवाचं काम नाही, लेआउटवाल्याचं आहे.

नागपूर सपाट आहे असा बाहेरच्यांचा समज असतो. गोरेवाड्याच्या बाजूला येऊन बघा. आमचा लेआउट एका टेकाडाच्या अंगावर होता. ज्याने तो पाडला त्याने वरच्या रांगेतल्या प्लॉटांवर बाहेरून काळी माती आणून भरली, प्लॉट टेबलासारखे सपाट केले आणि कडेला आठ-आठ फुटांच्या भिंती उभ्या करून विकून मोकळा झाला. काळी माती कशी असते हे विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती कणकेसारखी फुगते. अशा मातीपुढे नऊ इंची भिंत उभी करणं म्हणजे म्हशीला पदराने अडवणं. पण प्लॉट सपाट दिसत होता ना? मग झालं तर. सपाट दिसला की आमची माणसं घेतात. मी पण घेतला असता.

बाईंच्या मागच्या भिंतीच्या खाली, खालच्या रांगेत, बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजरसाहेब राहत. भिंत बाईंची, पण तिचं तोंड साहेबांच्या अंगणात. त्या तोंडासमोर तीन फुटांवर एक खिडकी, आणि खिडकीच्या आत साहेबांच्या नव्वदीच्या आईची खाट. आजींचं कमरेखालचं अंग गेलेलं होतं. कमरेवरचं सगळं, विशेषतः तोंड, शाबूत होतं.

आता मूर्खपणाची गोष्ट ऐका. अशा भिंतीच्या बुडाशी गवंडी ओळीने भोकं ठेवतो. मागे साचलेलं पाणी त्यांतून झिरपून जावं, भिंतीवर भार पडू नये, एवढाच त्यांचा धर्म. या भिंतीला तशी अकरा भोकं होती. पावसाळ्यात त्यांतून गढूळ पाणी ओघळायचं आणि साहेबांच्या बाजूच्या गुलाबी रंगावर तपकिरी मिशा उमटायच्या. साहेब स्वच्छतेचे भोक्ते. दिवाळीचा रंग काढायच्या आधी दर वर्षी ते गवंडी बोलावत, अकराच्या अकरा भोकं सिमेंटने बुजवून घेत, घोटून सारखी करत आणि वरून गुलाबी रंग देत. मुंग्या येतात, साप येतील, पाहुणे काय म्हणतील. कारणं तयार असत. एका पदवीधर माणसाने, ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढल्या, त्याने दर दिवाळीला स्वतःच्या आईच्या उशाशी पाणी कोंडून ठेवायचं, आणि वर आकाशकंदील लावायचा. मला आजही ते आठवलं की हातातला चहा निवतो.

बाई वरून कठड्याला टेकून ओरडत. "साहेब, तुमच्या नाकात सिमेंट भरून वरून गुलाबी रंग देऊ का? दिसाल मस्त."

साहेब वर न बघता गवंड्याला म्हणत, अजून एक हात मार.

एका वर्षी साहेब चार दिवस शेगावला गेले. बाई पहार घेऊन खाली उतरल्या आणि दुपारभर खपून अकराही भोकं उघडली. साहेब परतले, त्यांनी ती पुन्हा बुजवली, आणि या वेळी सिमेंट जास्त घातलं. ही भिंत तिसरी होती, हे सांगायचं राहिलं. पहिली मी यायच्या आधीच कोसळली होती, दुसरी वाकली म्हणून पाडली, तिसरी साहेबांच्या मेहुण्याने बांधली. मेहुणा ठेकेदार होता आणि त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. भिंत पडली की पुढची जाड बांधायची, तीही पडली की लोखंड वाढवायचं. बाईंनी त्याला फक्त एवढंच विचारलं, "पाण्याले विचारलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी स्कूटर घेतली तेव्हाही विचारला होता, आणि माझं लग्न मोडलं तेव्हाही. मेहुणा हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करून राहिली.

श्रावण सरत आला होता. चार दिवस झड लागली होती. पाचव्या सकाळी बाईंनी भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला आणि मला हाक मारली. भिंतीला पोट आलं होतं, चार बोटं. बाई तशाच पायरीवरून खाली उतरल्या, मी मागे. साहेबांना त्यांनी शांतपणे सांगितलं, की आईची खाट आज दुसऱ्या खोलीत हलवा. साहेब म्हणाले, भिंत तुमची आहे मॅडम, ती तुम्ही सांभाळा. माझी आई कुठेही जाणार नाही, तिच्या खोलीला लागून संडास आहे आणि तिला तिथेच बरं वाटतं. तुम्हाला घाबरवायची सवय आहे, असंही म्हणाले. वर हसले.

बाई त्यांच्या बाजूने सरळ आत गेल्या आणि आजींच्या खाटेवर पायथ्याशी मांडी घालून बसल्या. मला म्हणाल्या, माझा डबा इथं आणून दे.

आजींनी मान वळवली. "कोण वं तू?"

"तुमच्या पोरानं जिचं पाणी कोंडलं, ते."

"भित पडते म्हनते तू?"

"पडते."

"कधी?"

"ते सांगता येत नाही. पन पडते."

आजींनी जरा विचार केला. "मंग बस. एकटीनं मरन्यापरीस बोलाचाली तं होईल."

मी डबा घेऊन आलो तेव्हा दोघी रंगात आल्या होत्या. बाई भिंत कशासाठी असते ते समजावत होत्या: माती अडवायला. आजी ऐकून घेत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. शेवटी त्या म्हणाल्या, "वावराच्या धुऱ्याले कोनी भित बांधते का वं? धुऱ्यावर गवत राह्यते."

शेताच्या बांधावर गवत असतं, भिंत नसते, हे एका अंथरुणाला खिळलेल्या बाईने त्यांना सांगावं, आणि तीस वर्षांतल्या कोणत्याही साहेबाने सांगू नये. बाईंनी डबा उघडला आणि अर्धी भाकर आजींना दिली.

संध्याकाळपर्यंत फाटकापाशी माणसं जमली. शेजारची बाई आजींपाशी जीव द्यायला बसली आहे आणि मुलगा पेपर वाचतोय, हे लोकांना दिसायला लागल्यावर साहेबांनी खाट हॉलमध्ये हलवली. आईसाठी नाही, माणसांसाठी. पण हलवली.

आणि भिंत पडली नाही.

पाऊस उघडला. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. लेआउटमध्ये हसण्याची साथ आली. साहेब सकाळी फिरायला निघाले की कोणीतरी विचारायचं, काय म्हणते भविष्यवाणी? साहेब म्हणायचे, मुहूर्त पुढे गेला. अकराव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की उद्या खाट परत जागेवर. बाई हे सगळं ऐकत आणि रोज सकाळी ओळंबा सोडत. मला वाटतं, मीही एकदा हसलो. मोठ्याने नाही.

बाराव्या दिवशी लख्ख ऊन होतं. सकाळचे दहा वाजले असतील, खाट अजून हॉलमध्येच होती, आकाशात औषधालाही ढग नव्हता. एकच आवाज आला, गाडीतून पोती टाकल्यासारखा. मी धावत गच्चीच्या कडेला गेलो. भिंत आडवी झाली होती. काळ्या मातीची हीच खोड आहे, ती पाणी सावकाश पिते आणि पाऊस विसरून गेल्यावर फुगते. खिडकी चौकटीसकट आत गेली होती आणि जिथे आजींची उशी असायची तिथे मेहुण्याचं जास्तीचं लोखंड असलेला दीड हाताचा तुकडा पडला होता. बाई खाली गेल्या. मला वाटलं आता साहेबांचं काही खरं नाही. पण त्या ढिगाऱ्यात वाकून काहीतरी शोधत होत्या. भिंतीचे तुकडे झाले होते, पण भोकांत ठोकलेले सिमेंटचे बुच्चे तसेच्या तसे होते. अकराच्या अकरा सापडले. बाईंनी ते साहेबांच्या ओट्यावर ओळीने मांडले आणि वर निघून गेल्या.

यानंतर तुम्हाला वाटेल की साहेबांनी हात जोडले असतील. साहेबांनी अर्ज केला. सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात, तीन प्रतींत. वरच्या प्लॉटधारकांच्या निष्काळजीपणामुळे आपल्या वृद्ध मातोश्रींच्या जिवाला धोका निर्माण झाला असून तातडीने मजबूत भिंत बांधून मिळावी, असा. मातोश्रींचा जीव ज्या बाईने वाचवला तिच्याविरुद्ध, मातोश्रींच्या जिवाच्या नावाने अर्ज. मी तो वाचला तेव्हा माझ्या कानातून वाफा निघाल्या असतील. बाई शांत होत्या. त्यांनी फक्त अर्जातल्या 'मातोश्री' या शब्दाखाली लाल शाईने एक सरळ रेघ ओढली.

कार्यालयातून एक तरुण इंजिनिअर आला, तो बिचारा सज्जन होता. बाईंनी त्याला सांगितलं, मी भिंत बांधणार नाही, उतार करणार. एकास दोन. म्हणजे आठ फूट उंचीला सोळा फूट मागे सरकायचं. त्याने आपला फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यात भिंतीची उंची, भिंतीची जाडी, भिंतीचं साहित्य असे रकाने होते. उताराला रकाना नव्हता. बाईंनी त्याला आत नेलं आणि जुन्या धरणांच्या नकाशांची गुंडाळी जमिनीवर पसरली. तो दोन तास तिथे उकिडवा बसला होता. जाताना त्याने 'इतर' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, की दोन पावसाळे पाहावं. खालच्या प्लॉटमध्ये माती उतरल्यास भिंत बंधनकारक. आणि भिंत झालीच तर कोण बांधणार? मेहुणा. ते लिहायची गरज नव्हती.

सोळा फूट ही थोडी जागा नसते. नागपुरात माणूस अर्ध्या फुटासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचतो. बाईंच्या त्या सोळा फुटांत एक खोली व्हायची होती. पारशिवनीकडच्या पोरी कॉलेजसाठी शहरात येतात, त्यांना कोणी खोली देत नाही, आडनावापाशीच दार बंद होतं. त्यांच्यासाठी ती खोली. पायाची आखणी झाली होती, चुन्याच्या रेघा दिसत होत्या. बाईंनी स्वतःच्या हाताने त्या रेघा पुसल्या. पुढे त्यांनी त्या पोरींना वरच्या मजल्यावर ठेवलं आणि त्यासाठी मला खोली सोडायला लावली. त्या पोरी आज माझ्या खिडकीत बसून उतार बघत अभ्यास करतात, आणि मी मनीषनगरात एका चौथ्या मजल्यावर डास मारतो. याचा राग मी रीतसर धरून आहे.

पण ते नंतरचं. दिवाळीनंतर बाईंनी माती कापायला घेतली. भिंतीच्या दगड-विटा उताराच्या पायथ्याशी पसरल्या, पाणी त्यांतून गाळून जावं म्हणून. तीन बांबूंची घोडी करून तिला ओळंबा बांधला आणि उतारावर एका पातळीत ओळी आखल्या. उतारावर बारदान्याची पोती अंथरून खुंट्या ठोकल्या. आणि पाऊस लागल्यावर ओळींत लावला वाळा. वाळा, म्हणजे खस. ज्याच्या मुळ्यांच्या ताट्या आपण कूलरला लावतो तो. वर साधं गवत दिसतं, पण खाली मूळ दहा-दहा फूट सरळ जातं आणि मातीला शिवून टाकतं. मधूनमधून निरगुडी लावली. मोठं झाड एकही नाही, वजन नको. सगळा लेआउट बघायला आला आणि पुन्हा हसण्याची साथ आली. कोणीतरी म्हणालं, बाई टेकडीले कूलर लावून राहिली. हे वाक्य मिहानपर्यंत पोचलं होतं, मला कँटीनमध्ये एकाने ऐकवलं.

साहेबांनी आपल्या बाजूला, हद्दीच्या कडेने, पांढऱ्या टाइल्स बसवून घेतल्या. स्वच्छतेसाठी नव्हे. पांढऱ्यावर चिमूटभर माती पडली तरी दिसावी, म्हणून. रोज सकाळी दात घासत ते टाइल्सची पाहणी करत आणि खिशात मोबाइल तयार असे. पहिला पावसाळा असा गेला. माती आली नाही. आजींनी हट्ट धरून खाट पुन्हा जुन्या खोलीत नेली. हॉलमधून टीव्ही दिसतो, इथून धुरा दिसतो, म्हणाल्या. साहेबांनी बाईंचं कधी ऐकलं नाही, पण आईचं ऐकावं लागलं.

आता माझ्याकडे येतो.

दुसऱ्या वर्षीचा मे. नागपूरचा मे काय असतो ते मी सांगत बसत नाही. माझ्या कूलरच्या ताट्या सडल्या होत्या, मासळीचा वास मारत होत्या. खिडकीतून खाली बघितलं की समोर ओळीने खस, अस्सल, ताजा, फुकट. दुपारी दोन वाजता सगळं शहर कूलरपुढे मेल्यासारखं पडलेलं असतं. मी विळा आणि सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खाली उतरलो. तिसऱ्या ओळीतले चार ठोंब मुळापासून काढले. मुळ्या कापून घेतल्या आणि वरची पात पुन्हा मातीत खोचून ठेवली, जागा रिकामी दिसू नये म्हणून. उन्हाने सगळंच वाळलेलं होतं, माझी चार मेलेली रोपं त्यांत शोभून दिसत होती. त्या रात्री माझ्या खोलीला असा वास आला, की काय सांगू. राजासारखा झोपलो. दुसऱ्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी मग घेऊन त्या चार मेलेल्या रोपांना पाणी घालताना दिसायच्या. इतरांपेक्षा जास्त घालायच्या, कारण ती जगत नव्हती. मी पडदा ओढून घ्यायचो.

मॅनेजर, मेहुणा, लेआउटवाला, यांच्यावर मी इतका वेळ दात-ओठ खाल्ले. ते खरंच होते तसे होते. पण साहेबांनी भोकं बुजवली ती रंगासाठी, मी मुळ्या कापल्या त्या वासासाठी. दोघांनाही खाली कोण झोपतं ते माहीत होतं.

जूनच्या शेवटी एका रविवारी, दुपारी, पाऊस असा आला की गच्चीची पन्हाळं ओतायला लागली. मी खिडकीत होतो. तिसऱ्या ओळीत, माझ्या चार ठोंबांच्या जागी, पाण्याने आधी बोटाएवढी वाट केली, मग हाताएवढी. माती सुटून खाली निघाली, सरळ आजींच्या खिडकीच्या दिशेने. चौथी आणि पाचवी ओळ तिला अडवत होती, पण वाट रुंद होत होती. साहेब छत्री आणि मोबाइल घेऊन टाइल्सपाशी उभे राहिले होते. त्यांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा फुलला होता.

बाई पावसात उतारावर गेल्या. वाकून त्यांनी एक ठोंब धरला, आणि तो उचलताच हातात आला. खाली मूळ नव्हतं, विळ्याने कापलेलं सपाट बूड होतं. त्यांनी ते बूड बघितलं. मग मान वर करून माझ्या खिडकीतल्या कूलरकडे बघितलं. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, बाईंच्या तर रोजच्या. त्या वेळी एक शिवी मिळाली असती तर मी पाया पडलो असतो.

"खाली ये," त्या म्हणाल्या.

मी गेलो. मला वाटलं फावडं देतील, पोतं देतील. त्यांनी त्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. "बस तिथं."

"कुठे?"

"झाड होतं तिथं. पाय रोवून बस. मी पोते भरून आनतो तोवर हलायचं नाही."

मी बसलो. पाठीवर पाणी आदळलं, दोन्ही बगलांतून फुटलं आणि दोन बाजूंच्या ठोंबांत शिरून मंद झालं. माती माझ्या पँटमध्ये, कानात, तोंडात गेली. खाली साहेबांनी मोबाइल उचलला आणि फोटो काढले. सदरच्या त्या फायलीत मी आजही पुराव्यादाखल बसलेला असेन. टाइल्स अजून पांढऱ्या होत्या, वीतभर अंतर उरलं होतं. बाई मागे पोत्यांत माती भरत होत्या आणि त्यांचा श्वास मला पावसातूनही ऐकू येत होता. सत्तरी जवळ आलेली बाई. मी एकदा अर्धवट उठायला गेलो, त्यांना हात द्यावा म्हणून. पाणी लगेच माझ्या खालून घुसलं आणि एक ढेकूळ टाइल्सच्या दिशेने गडगडलं.

खिडकीच्या गजांमागे आजींचा चेहरा दिसत होता. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत असाव्यात.

"हलू नको गा," त्या म्हणाल्या. "माही खाट इथंच आहे."

मी हललो नाही.